तेओफिलाबाईंच्या काचा

या, अंमळ पुढे सरका. उपासनेची घंटा व्हायला अवकाश आहे. तोवर तेओफिलाबाईंची गोष्ट सांगतो. जिवाचे कान करून ऐका.

"काच घासा, पण हळू! फुटली तर दुसरी कुठून आणू?" खिडकीत चढलेला माजी सैनिक लुडविक तेओफिलाबाईंवर ओरडला.

दुसरं महायुद्ध संपलं, सरहद्दी सरकल्या आणि आपलं पोलिश विद्यापीठ पूर्वेचं गाव सोडून इथे ओडर नदीकाठी आलं. आलं म्हणजे मास्तर आले. इमारत इथलीच, बॉम्बनं खिळखिळी झालेली. सोमवारी पहिलं व्याख्यान, आणि दालनाच्या एकाही खिडकीला काच नाही. बाहेर बर्फ.

तेओफिलाबाई छायाचित्रकाराच्या विधवा. कोनशिला, कुलगुरूंची मिरवणूक, मुलींची पहिली तुकडी, जुन्या विद्यापीठाचा एकेक सोहळा नवऱ्यानं काचेच्या निगेटिव्हवर टिपलेला. अंगावरच्या कपड्यांनिशी निघताना त्यांनी त्या पेट्या तेवढ्या आणल्या. आता त्याच काचा सोड्याच्या गरम पाण्यात घासून, वरचं चित्र उतरवून बाई कोऱ्या करत होत्या. लुडविक त्या खिडक्यांच्या लहान लहान चौकटींत बसवत होता.

"बाई, विद्यापीठाचा इतिहास धुताय तुम्ही!" प्राध्यापक साविच कळवळले.

"पोरं गारठून पळाली, तर पुढचा इतिहास कोण घडवणार? पाणी आणा. बादली उचलता येते ना?"

"उचला, मास्तर," लुडविक हसला. "यांच्यापेक्षा आमचा सुभेदार मवाळ होता."

दुपार कलली तेव्हा एकच चौकट उरली होती आणि एकच काच. ती बाईंच्या शालीखाली होती. तिच्यावर त्यांची लेक ब्रोन्या. त्या विद्यापीठातून डॉक्टर झालेली पहिली मुलगी. ती युद्धात गेली. कागदावरचे फोटो घरासोबत जळाले.

साविचांचा आवाज खाली आला. "ही राहू द्या. तिथं फळी ठोकू."

"फळ्याशेजारची खिडकी आहे ती. वीज आलीय का तुमची? फळा दिसत नाही म्हणून ब्रोन्या किती भांडायची, विसरलात?"

बाईंनी काच उजेडाकडे धरली. निगेटिव्हमध्ये लेकीचे काळे केस पांढरेशुभ्र दिसत होते.

"बघा, म्हातारी झाली माझी पोर," त्या म्हणाल्या. क्रूसाची खूण केली आणि काच पाण्यात सोडली.

सोमवारी दालन खच्चून भरलं. साविचांनी फळ्यावर तारीख लिहिली.

"दिसतंय का?"

"दिसतंय, सर!"

शेवटच्या बाकावर बाई ओव्हरकोट घालून ताठ बसल्या होत्या.

बाबांनो, आज मेणबत्ती लावाल तेव्हा तेओफिलाबाईंचं नाव घ्या. आणि ब्रोन्याचंही.