पावलांना दिलेला पुरस्कार

मी सिनेमागृहातल्या एका खुर्चीचा डावा हात बोलतोय. डावाच होतो का, याची आता खात्री देत नाही. रांग सातवी होती की आठवी, तेही विचारू नका. इतकी वर्षं झाली की आठवलेलं कुठलं आणि मागाहून जुळवलेलं कुठलं, हे माझं मलाच कळेनासं झालंय. पण राग मात्र जशाच्या तसा आहे. पॉलिश उडालं, राग नाही उडाला.

सिनेमागृहातल्या खुर्च्या बदलल्या तेव्हा आमचा ढीग मागच्या दाराशी पडला. त्यातून मला एका गणिताच्या मास्तरांनी उचललं. सुताराकडे नेऊन त्यांनी मला तासून घेतलं आणि एका ठोकळ्यावर उभं करवून घेतलं. हे कशासाठी, असं सुतारानं विचारलं. पुरस्कार आहे, मास्तर म्हणाले. सुतारानं मला खालीवर पाहिलं. "पाठ खाजवायला बरा पडेल," म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. पुरस्कार हा त्यांच्यासाठी चेष्टेचा विषय नव्हता. दरवर्षी टीव्हीवर सिनेमांच्या पुरस्कारांचा तो मोठा सोहळा लागे. जो मंचावर नाचायला येईल त्याला पुरस्काराची सोनेरी बाहुली मिळणार, जो येणार नाही त्याचं नाव गळणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. परीक्षकांनी निम्मे सिनेमे पाहिलेलेही नसत. मास्तर आवाज बंद करून तो सोहळा बघत, चरफडत, पण पूर्ण बघत. मग पुढच्या रविवारी सकाळी अकराला त्यांच्या बैठकीच्या खोलीत आमचा सोहळा होई.

परीक्षक तीन. मास्तर, त्यांची थोरली बहीण म्हणजे ताई, आणि सिनेमागृहात उजेड दाखवून लोकांना जागेवर बसवणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे बॅटरीच म्हणत. नियम एकच होता. पडद्यावरून नामावळीची शेवटची ओळ सरकेपर्यंत जो बसला नाही, त्याला मत नाही. एकदा पाय अवघडला म्हणून ताई आधी उठल्या, तर मास्तरांनी सख्ख्या बहिणीचं मत बाद केलं. ताईंनी दोन दिवस अबोला धरला.

पुरस्कार नटनट्यांना नव्हताच. ज्या कामाला चेहरा नसतो त्या कामाला तो होता. एका वर्षी नवे कपडे घासून घासून जुने करणाऱ्याला दिला, एका वर्षी सिनेमातली पत्रं ज्या अक्षरात होती त्या अक्षराच्या मालकिणीला. मास्तर सविस्तर पत्र लिहीत, येऊन घेऊन जा म्हणत. कुणी आलं नाही. सात वर्षं मी कपाटावर धूळ खात होतो. निदान एकानं तरी यावं, मला हातात घ्यावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. ती माझीही होती.

आठव्या वर्षी एक सिनेमा आला. त्यात एक आई इस्पितळात मुलाला कायमचं सोडून बाहेर पडते. लांबलचक बोळ, अनवाणी पाय, नुकतीच पुसलेली ओली फरशी. संगीत नाही, शब्द नाही. फक्त पावलं, आणि मध्येच एक पाऊल अडखळतं. असे आवाज चित्रीकरणाच्या वेळी नीट मिळत नाहीत. ते नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी स्वतः चालून काढतं. तिघांचं एकमत झालं. माझ्यावर पितळी पट्टी ठोकली गेली, 'पावलांसाठी'.

नामावळीत ध्वनीपुढे एकच नाव होतं, त्या स्टुडिओच्या साहेबांचं. मास्तरांनी त्यांनाच पत्र घातलं. पावलं कुणाची, हे विचारलं नाही.

आणि आठ वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं. साहेब स्वतः आले, फोटोग्राफर घेऊन. मोठ्या सोहळ्यात त्या वर्षी त्यांना डावललं होतं, म्हणून त्यांना कुठलाही पुरस्कार चालणार होता. पावलांत जीव ओतावा लागतो, असं काहीसं बोलले. ताईंनी चहा देता देता सहज विचारलं की त्या बोळातल्या प्रसंगाला पायांत काय घातलं होतं.

"चप्पल," साहेब म्हणाले. "साधी चप्पल. साधेपणातच मजा असते, ताई."

ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी ऐकलं होतं. मी अजून त्यांच्याच हातात होतो. तरी त्यांनी मला साहेबांच्या हाती दिलं. आठ वर्षांनी कुणीतरी आलं होतं ना!

मला घेऊन निघालेली साहेबांची गाडी अजून फाटकाशीच होती. ताई म्हणाल्या, "त्या टीव्हीवाल्यांनी सिनेमा न बघता दिलं, तू माणूस न बघता दिलंस. फरक काय रे?"

मास्तर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मोठ्या सोहळ्यावर मी चिडतोच. पण मास्तरांवर जास्त चिडतो, कारण त्यांना कळत होतं.

आठवड्याभरात त्यांचं पत्र स्टुडिओत आलं. मी चुकलो, ज्यांचे पाय त्यांना हा द्या, असं लिहिलं होतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, खोलीभर हशा पिकवला आणि फाडलं.

त्या वेळी काचेपलीकडे एक बाई काम करत होत्या. पन्नाशीच्या, पोत्यात तीसेक जोडे घेऊन येणाऱ्या. कधी वाळूच्या परातीत चालत, कधी ओल्या फडक्यावर. काचेमुळे त्यांना हसू ऐकू आलं नाही. एकदा त्यांनी माझी पट्टी वाचली आणि शेजारच्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्रवाल्याला म्हणाल्या, "साहेबांची पावलं म्हणे. गाडीतून उतरतात तरी कधी?" यंत्रवाल्यानं मान खाली घातली. मी ओरडत होतो. लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार!

पुढे साहेबांना खरी बाहुली मिळाली. फळीवर जागा हवी म्हणून मला कचऱ्यात टाकलं. बाईंनी मला उचललं, दाबून पाहिलं, करकर ऐकली आणि पोत्यात घातलं. त्यानंतर कितीतरी सिनेमांतल्या जिन्यांचा, पलंगांचा, म्हाताऱ्या दारांचा आवाज मी दिला. पट्टी केव्हाच निखळली. आता त्या थकल्या आहेत. पोतं त्यांच्या पलंगाखाली आहे, आणि मी पोत्यात.

एक गोष्ट मात्र मला इतकी वर्षं पक्की माहीत नव्हती. बोळातली ती पावलं बाईंचीच होती का? ती काढली तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो. कदाचित दुसऱ्याच कुणाची असतील आणि माझा सगळा राग चुकीच्या पत्त्यावरचा असेल, ही धास्ती मला कायम होती.

मग गेल्या वर्षी बाईंच्या लेकीनं घरात तो सिनेमा लावला. बोळ आला. बाईंनी जेवता जेवता हात थांबवला.

"इथे मी खरीच घसरले होते," त्या म्हणाल्या. "दिग्दर्शक म्हणाला, राहू दे."

लेकीनं सिनेमा शेवटपर्यंत चालू ठेवला. नामावळीत गाड्या चालवणारे होते, चहा पुरवणारे होते, निर्मात्याचं कुत्रंही होतं. लेकीनं ती दोनदा मागे नेऊन वाचली. आईचं नाव नव्हतं.