उणे अडीच

मी उणे बोलतेय. एका फटकाऱ्यात ओढलेली आडवी रेघ. माझ्यापायी मुलांची गणितं चुकतात आणि मोठी माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात तीही माझ्याच नावानं. बदनामीची मला सवय आहे.

माझा जन्म डोळ्यांच्या दवाखान्यात झाला. समोर घड्याळजी बसले होते. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे, पण रस्त्यापलीकडच्या टपालपेटीला त्यांनी "नमस्कार काका" म्हटलं, म्हणून बायकोनं धरून आणलेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि कागदावर अडीचच्या आधी मला ओढलं.

घरी घड्याळजींनी हिशोब मांडला. "शून्य म्हणजे नंबर नाही. उणे म्हणजे त्याच्याही खाली. म्हणजे माझी नजर चारचौघांपेक्षा अडीचनं चांगली." आणि मी खणात गेले. हात असते तर कपाळावर मारून घेतले असते.

बायकोला चैन पडेना. ती मला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, उणे म्हणजे जवळचं स्वच्छ, लांबचं पुसट. अडीच म्हणजे रस्त्यापलीकडे माणूस उभा आहे की खांब, ते कळायचं नाही."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या थोरल्या नणंदेनं वर्षभर घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिनं पलीकडच्या फुटपाथवरून हात केला होता आणि भाऊ सरळ तिच्याकडे बघत पुढे निघून गेला होता. एकुलती एक बहीण, तेव्हापासून अबोला.

वहिनी तशाच नणंदेच्या दारात.

"वन्सं, ह्यांना गर्व नाही हो. उणे अडीच आहे."

वन्संनी मला हातभर लांब धरून वाचलं. "टपालपेटीला नमस्कार करतो म्हणे. मग मला का नाही?"

"पेटीला ते काका समजले. तुम्हाला खांब समजले असतील."

वन्संना आधी हसू आवरेना, मग रडू.

चष्मा आला त्या दिवशी घड्याळजी दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. पलीकडून कुणीतरी भीत भीत हात वर केला.

"ताई," ते ओरडले, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तू बघत नव्हतास तेव्हा."

हल्ली मी घडी घालून चष्म्याच्या डबीत असते. शाई फिकी पडत चालली आहे, त्याचं काही वाटत नाही. तुमच्या कागदावर कधी मी दिसले तर घाबरू नका, फुशारूनही जाऊ नका, गुपचूप चष्मा करा. आणि रस्त्यात कुणी ओळख दाखवली नाही, तर रागावण्याआधी त्याचा नंबर विचारा.