बावीस मुठी माती

आमच्या तालमीनं बाहेरचा सेंटर फॉरवर्ड आणायचा ठराव केला, त्याच दिवशी दुपारी माझं घर एक हात आखूड झालं. शालन, माझी बायको, गॅसपुढं बसून भाकऱ्या थापत होती. तिच्या पाठीला मागची भिंत लागली.

"अहो, भिंत सरकली," ती म्हणाली.

मी हातानं मोजलं. सकाळी नऊ हात होतं, आता आठ. यात नवल काही नव्हतं, ठरावात तसंच लिहिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ठराव कसा झाला त्यावरनं. ते सांगायलाच मी बसलोय, आणि कुणी मध्ये बोलायचं न्हाई.

आमची चिंचेची तालीम, गल्लीपलीकडं, माझ्या दाराच्या बरोबर समोर. पेठेत घरं बावीस, आणि बावीस घरांची मिळून एक तालीम. सकाळी लाल मातीत कुस्ती, संध्याकाळी फुटबॉल. चौदा वर्षं नऊ नंबरची जर्सी माझ्या अंगावर होती. मी पिराजी. फौंड्रीत मोल्डर. पहिल्या पाळीला वाळू दाबायची, मग सायकल मारत मैदानावर यायचं आणि गोल करायचे. गेल्या सिझनला गुडघा बांधून नऊ गोल केले, विचारा कुणालाबी. पण तीन वर्षं फायनलला आम्ही वरच्या पेठेकडनं हरलो. त्यांनी बाहेरचे दोन खेळाडू आणलेत. झालं, तेव्हापासनं आमच्या लोकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग एक एजंट आला. गळ्यात शिंप्यासारखी टेप. तो तालमीत वस्तादांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आपला प्लेयर पैसा घेत नाही. लांबी घेतो."

"कसली लांबी?" वस्तादांनी विचारलं.

"धावायची. तो जितक्या लांबून येतो तितका जोरात मारतो. तुमची तालीम वीस हात आहे. त्याला अजून दीडशे तरी लागतील."

"एवढी आणायची कुठनं?"

"घराघरातनं. आठवड्याला घरटी एक हात. सात आठवड्यांनी फायनल आहे, बरोबर बसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो. म्हटलं, "अरे, कुणी त्याचा खेळ बघितलाय का? पिकतं तिथं विकत न्हाई म्हणतात ते हेच. आपली पोरं चिखलात मरत्यात, त्यांना एक धड बूट न्हाई. आणि ह्याला घरं कापून द्यायची? पी हळद अन् हो गोरी, असं कुठं असतंय व्हय?"

"पिराजी, तुझा गुडघा बघ," वस्ताद म्हणाले.

"गुडघा तालमीसाठीच गेला न्हवं!"

"म्हणूनच म्हणतोय."

वस्तादांचं घर दोन मजली, तीस हात लांब. त्यातला एक हात गेला काय आणि राहिला काय. माझी एकच खोली. तिथंच चूल, तिथंच अंथरूण. हे मी बोललो. कुणी वर बघितलं न्हाई.

आमच्यात ठराव मातीनं होतो. घरटी एकानं आखाड्यातली मूठभर माती घ्यायची. ठराव मान्य असेल तर मधे पसरलेल्या धोतरावर टाकायची, नसेल तर परत आखाड्यात सोडायची. बावीसच्या बावीस मुठी धोतरावर पडल्या तरच ठराव. एक जरी कमी पडली तरी धोतर झटकून घडी घालायची. आजवर असंच चालत आलंय.

एकवीस मुठी पडल्या. माझी मूठ मिटलेली. मी आखाड्याकडं वळलोसुद्धा होतो. दोन पावलं राहिली होती.

"नऊ नंबर सुटतोय म्हणून पोटात दुखतंय त्याच्या," वस्ताद हळूच म्हणाले. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मायला, माझं डोकंच फिरलं. मी गर्रकन वळलो, "घ्या, खावा माती!" म्हणून ओरडलो आणि हातातली मूठ वस्तादांच्या अंगावर भिरकावली. ती त्यांना लागलीच न्हाई. धोतरावर पडली, बरोबर ढिगाच्या मधोमध.

वस्तादांनी सावकाश धोतराच्या चारी कोपऱ्यांची गाठ मारली. "बावीस," ते म्हणाले.

"मी रागानं फेकली!"

"माती पडली, पिराजी. मातीला राग कळत न्हाई."

एजंटानं टेप गुंडाळली. मी घरी आलो तर शालनच्या पाठीला भिंत लागलेली.

प्लेयर शुक्रवारी टेम्पोतनं आला. उतरला तो सरळ तालमीत शिरला आणि आत चालत गेला. आम्ही दारात हार घेऊन उभे. तोपर्यंत तालीम बेचाळीस हात झाली होती, त्यामुळं तो पार टोकाला पोचेपर्यंत त्याची पाठच दिसली. मग तो वळला, पण तेव्हा तोंड ओळखू येण्याइतका जवळ राहिला नव्हता. हार दाराच्या खिळ्याला अडकवला.

"काय पर्सनॅलिटी आहे!" लोक म्हणाले.

दर आठवड्याला तालीम बावीस हात वाढायची आणि प्लेयर तेवढा मागं सरकायचा. आधी तो बोटाएवढा दिसायचा, मग हरभऱ्याएवढा, मग तिळाएवढा. जसजसा लहान झाला तसतशी त्याची कीर्ती वाढली. सकाळपासनं दारात गर्दी. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! मी विचारायचो, "अरे, त्यानं बॉलला पाय तरी लावलाय का?" तर म्हणायचे, "फायनलला लावणार. आत्ताच लावला तर वेग संपंल."

माझी नऊ नंबरची जर्सी त्याला पाठवली. ती घेऊन गेलेला माणूस परत यायला दुपार झाली.

इकडं माझं घर आखूड होता होता रुंद व्हायला लागलं. भाकरी दाबली की पसरते, तसं. मागची भिंत पुढं यायची आणि बाजूच्या भिंती लांब जायच्या. दारसुद्धा पसरत गेलं. दाराची दोन फळकुटं आता एकमेकांना पोचत नव्हती, म्हणून मी ती काढून ठेवली. चौथ्या आठवड्यात आम्ही आडवे एका रांगेत झोपायला लागलो, शालनचे पाय माझ्या डोक्याशी. ती एकदाबी ओरडली न्हाई. नुसती म्हणाली, "कपाट कुठं ठेवू ते सांगा." मला त्याचाच जास्त राग आला. कुणीतरी ओरडायला पाहिजे की न्हाई? पेठेत ज्याला त्याला विचारलं तर प्रत्येकजण म्हणायचा, "आमचंबी गेलंय, पण फायनल आहे न्हवं!"

पाचव्या आठवड्यात मी तालमीत गेलो आणि म्हटलं, "माझी मूठ मला परत द्या."

वस्ताद तंबाखू मळत बसले होते. "आखाड्यात मिसळली. ओळखून घे आणि जा."

मी आखाड्यात गुडघ्यावर बसलो. ताक, हळद आणि तेल घालून मळलेली ती माती, सगळीकडं सारखीच. सकाळची दुपार झाली. शेवटी एका कोपऱ्यात थोडी काळसर माती सापडली. मला वाटलं, फौंड्रीच्या हाताची ही माझीच. मूठ भरून घरी आणली, जमिनीवर ठेवली. भिंत एक हात मागं गेली. शालननं पहिल्यांदा पाय लांब केले.

तेवढ्यात शेजारनं बनाक्काची हाक आली. बनाक्का एकटी बाई, चपलांच्या वेण्या विणून पोट भरते. माझ्यासारखीच एक खोली. धावत गेलो तर तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत गल्लीत आलेले. आतली भिंत तिच्या पाठीत बसलेली.

"पिराजी, माझं दोन हात गेलं रं ह्या खेपेला," ती म्हणाली. "असं कसं झालं?"

तिचे हात चामड्याच्या रंगानं काळे होते. मी घरी गेलो, मूठ उचलली, परत नेऊन आखाड्यात टाकली. वस्तादांनी तंबाखू पुढं केली. मी ती घेतली न्हाई, त्यांच्या तोंडावर सांगितलं, "तुमचा हात धरून मी ह्या मातीत उतरलो होतो. लाज वाटती आज." त्यांनी मान खाली घातली आणि तंबाखू स्वतः खाल्ली.

मग मी तालमीच्या दारात उभा राहून आतल्या तिळाला हाक मारली. "ए प्लेयर! माझ्या घराचं पाच हात तू उभ्या उभ्या गिळलंस! शरम आहे का?"

मग आतनं उत्तर आलं, स्वच्छ मराठीत. "दार उघडं ठेवा."

ते तेव्हा मला कळलं न्हाई. सातव्या आठवड्यात कळलं.

फायनलच्या दिवशी सकाळी एजंट माझ्या घरात शिरून मोजायला लागला. शिरला म्हणजे काय, उंबऱ्यावर पाय ठेवला की समोर घराचा शेवटच होता. घर दोन हात खोल, सोळा हात रुंद. सात आठवडे सरकून सरकून मागच्या भिंतीच्या विटा झिजल्या होत्या आणि शेवटच्या रात्रीत त्यांचा भुगा झाला होता. उघड्यावर कसं राहायचं म्हणून शालननं तिथं मच्छरदाणी ताणून बांधली होती. एजंटानं मच्छरदाणी ओढून बघितली, पक्की होती.

"फिट्ट," तो म्हणाला.

त्याच्या मागं वस्ताद. हातात हिरवी जर्सी. हिरवा रंग आमचा न्हवे, वरच्या पेठेचा.

"मॅच हितंच होणार," वस्ताद म्हणाले. "मैदान तेवढं लांब न्हाई. प्लेयर तालमीतनं सुटणार, गल्ली ओलांडणार, आणि समोर…"

"समोर माझं दार आहे."

"व्हय."

"म्हणजे मी वरच्या पेठेचा गोलकीपर?"

"आजच्या दिवस तसं समज. त्यांचीबी हरकत न्हाई. त्यांनी म्हणं तुला घेतलं, एक शब्द न बोलता."

जर्सीच्या पाठीवर एक नंबर. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. मी म्हटलं, "वस्ताद, चौदा वर्षं मी ह्या तालमीचा. माझा बाप ह्या तालमीचा. आणि आज मला परका करता?"

वस्तादांचे डोळे भरले. खोटं कशाला बोलू, खरंच भरले. ते माझ्या अगदी जवळ आले. "पिराजी, लागू दे की रं एक गोल. तीन वर्षं झाली. तालमीसाठी सोड."

"आणि घर?"

वस्तादांनी एजंटाकडं बघितलं. एजंट टेप गुंडाळत होता. "एकशे चौऱ्याहत्तर हातांवरनं आलेला बॉल जाळीत थांबत नाही," तो म्हणाला. "मागं काही राहणार नाही."

"शालन आत आहे."

"त्यांना सांगा बाजूला व्हायला."

मी मागं बघितलं. शालन मच्छरदाणीला टेकून बसली होती. कपाट, गॅस, पिठाचा डबा, सगळं तिच्या दोन्ही बाजूंना एका रांगेत. ती म्हणाली, "बाजूला कुठं होऊ? बाजू हीच आहे."

मी हिरवी जर्सी वस्तादांच्या पायाशी टाकली. ती उचलून कुणी माझ्या डोक्यातनं घातली ते मला सांगता येणार न्हाई, पण शिट्टी वाजली तेव्हा ती माझ्या अंगात होती.

गल्लीच्या दोन्ही अंगाला पेठ उभी राहिली. बावीस घरांतली माणसं, सगळी ओळखीची. बनाक्कापण होती, अंग चोरून. तालमीचं दार सताड उघडलं. आत पार टोकाला तीळ हलला.

"चिंचेची तालीम!" लोकांनी आरोळी दिली.

"जिंदाबाद!" सवयीनं माझ्याच तोंडातनं निघालं. मी स्वतःचा हात चावला.

तिळाचा हरभरा झाला. हरभऱ्याचं बोट झालं. त्याला दोन पाय फुटले, आणि जमीन माझ्या चपलेखाली धडधडायला लागली. माझी नऊ नंबरची जर्सी मला त्याच्या अंगावर आता वाचता येत होती. तोंड अजून दिसत नव्हतं. वस्ताद कडेनं ओरडत होते, "सोड, पिऱ्या, सोड!" मी त्यांना आयुष्यात दिली नव्हती अशी शिवी दिली.

चौदा वर्षांत मी बॉलला कधी हात लावला न्हाई. आमच्यात ते पाप.

"अहो," मागनं शालन म्हणाली, "हात पसरा."

मी हात पसरले. डावीकडचा खांब बोटाला लागत नव्हता. उजवीकडचाही लागत नव्हता.