उलट्या आट्यांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी डबी आहे. मुठीत मावते. पोटात दोन हिरे आहेत, तरी मला कुणी दागिना म्हणत नाही!

चारकोपच्या कारखान्यात दत्तारामकाकांनी मला लेथ यंत्रावर घडवले. चार स्क्रू दिले. दोन सरळ आट्यांचे, दोन उलट्या आट्यांचे, म्हणजे उलट फिरवले की आवळणारे; आवळताना माझे झाकण फिरू नये म्हणून. ओळखीसाठी उलट्या स्क्रूंवर बायकोच्या, विमलाकाकूंच्या, नेलपॉलिशचा ठिपका लावला.

बोरीवलीच्या प्रयोगशाळेत संशोधक क्षमाताईंनी माझ्या हिऱ्यांच्या टोकांमध्ये एक साधा वायू कोंडला. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेल्या कोळशातून निघतो तोच. स्क्रू आवळत नेले आणि हवेच्या साठ हजार पट दाब पडला, तेव्हा बिचारा पळणार कुठे? त्याचा राईहून बारीक, पिवळा, घट्ट कण झाला. ऊर्जेने ठासून भरलेला! माझे फार कौतुक झाले. मग परदेशी यंत्र आले आणि मी कणासकट कपाटात गेले. चार वर्षे तो दाब एकटीने धरून बसले. राग आला, खोटे कशाला बोलू?

नव्या यंत्रात तसा कण काही जमेना, म्हणून ताईंना माझी आठवण झाली. दाब उतरल्यावरही कण टिकला, तरच त्यांच्या कामाला अर्थ होता. पण ठिपके कधीच पुसले गेले होते. ताईंनी एक स्क्रू सोडायला घेतला आणि दाब उतरायचा तो चढला! हिरा करकरला. तो फुटला असता, तर कणाचाही चुरा झाला असता. ताईंनी घाबरून फोन लावला.

"काका, वाट लागली! उलटे स्क्रू कुठले तेच कळत नाहीये."

"हात लावू नको गो. मी येतंय."

सत्तरी ओलांडलेले काका रिक्षाने आले. त्यांनी उघड्या आट्यांवरून नख फिरवले. "हे दोन उलटे. आता दोघांनी मिळून सोडूया. पाव पाव आटो, घाई नको."

तासभर दोघे पाव पाव आटा सोडत राहिले. शेवटी ताई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "आहे, काका! जसाच्या तसा आहे!" म्हणाल्या आणि खुर्चीत बसून रडू लागल्या.

काकांनीही डोळा लावला. "इतकोसो? ह्याच्यासाठी माका जेवणावरसून उठयलंस?" असे म्हणत त्यांनीही डोळे पुसले.

माझी छाती चार वर्षांनी मोकळी झाली. किती हलके वाटले म्हणून सांगू! मित्रांनो, जुनी वस्तू अडून बसली, तर तिच्यावर जोर करू नका. ती तुमचेच काहीतरी जपत बसलेली असेल.