पोटातून निघालेला दोरा

टाळ्यांनी सभागृहाचे पत्रे थरथरले. दीड वर्षात धड बसू न शकलेली बाई सगळ्यांदेखत लाकडी खुर्चीवर बसली होती. शेजारी दोरेबाबा, चिमटीत वीतभर काळा दोरा.

"बघा मंडळी, पापाचा दोरा! हिच्या मांसात विणला गेला होता. पाप बोलली, म्हणून सुटला!"

ही बाई आमच्या कपड्यांच्या कारखान्यातली शिलाईवाली. मी तिथला कटिंग मास्तर. तिचं दुखणं सांगताना जीभ अडखळते, पण आपण लाजून गप्प बसतो म्हणूनच असले बाबा पोसले जातात, तेव्हा सांगतोच. तिच्या योनीच्या तोंडाशी आग व्हायची, मिरची चोळावी तशी. जखम नाही, सूज नाही. मशीनवर कधी या मांडीवर टेकायची, कधी त्या. नवरा जवळ आला की किंचाळायची. पहिला डॉक्टर म्हणाला, मनाचे खेळ. दुसरा म्हणाला, मूल झालं की जाईल. नवरा म्हणाला, "आता शेवटचं बाबांकडे. नाहीतर माहेरी जा आणि तिथेच राहा."

बाबांची रीत ठरलेली. आधी पडद्यामागे बाबांची बायको 'आशीर्वादाचं' थंड मलम लावायची. मग बाईला टेबलावर निजवून वर चादर, आणि चादरीखाली हात घालून बाबा पोटातून दोरा ओढणार. त्या दिवशीही बाबा पोटावर हात फिरवत गरजले, "परपुरुष कोण? बोल! नाही बोललीस तर दोरा आत तुटेल, जन्मभर जळशील!"

"कोणी नाही हो, बाबा."

"अडकला! दोरा अडकला!"

बाबांच्या देवाला म्हणे सगळं दिसतं. एवढं एक नाव मात्र त्याला बाईच्या तोंडूनच ऐकायचं होतं.

पुढच्या रांगेतली एक बाई कुजबुजली, "अगं, सांगून टाक काहीतरी. मीपण तेच केलं."

ती हुंदका देत म्हणाली, "कारखान्यातला... एक जण."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारखान्यातला पुरुष तिथे मी एकटाच, बायकोबरोबर दर्शनाला आलेला. बाबांनी दोरा ओढला, तिला खुर्चीवर बसवलं आणि त्या टाळ्या पडल्या.

मी खाली बघत होतो. ती दोऱ्याकडे. बाबांच्या हातातून तो घेऊन तिने बोटांत फिरवला, पीळ उलगडून पाहिला.

"मास्तर, तुमचा लायटर द्या."

कापडाचा नवा तागा आला की आम्ही त्यातला एक धागा जाळून बघतो. सुती असला तर राख होते. केस किंवा लोकर असली तर जळक्या केसांचा वास सुटतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळी, टणक गोळी धरते.

तिने दोरा जाळला. टोकाला गोळी आली.

"बाबा, माझ्या मांसात पॉलिस्टर कुठून आलं?"

"बेटी, पाप कुठलंही रूप घेतं..."

"रिळाचं पण घेतं का हो?" मागून कोणीतरी ओरडलं.

मी बाबांचा हात धरून बोटं फाकवली. बेचक्यात मेणाचा गोळा, आणि त्यात गुंडाळलेले आणखी तीन दोरे. बाहेर तीन बायका रांगेत होत्या.

पडद्यामागून उचललेली मलमाची डबी तिने एका डॉक्टरबाईंकडे नेली. त्यांनी थोडं स्वतःच्या ओठाला लावलं. "बधीर झाला की! हे सुन्न करणारं औषध. तासाभरात उतरतं." मग कापसाची काडी हलकेच टेकवून त्यांनी नेमकी दुखरी जागा शोधली. म्हणाल्या, "हे दुखणं खरं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरी पुस्तकातही लिहिलंय. मधे आम्हीच विसरलो आणि बायकांच्या मनाला बोल लावत बसलो. नसा शांत करणाऱ्या गोळ्या, स्नायू सैल करायचे व्यायाम. महिने लागतील."

हे सगळं तिने घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "दोरा खोटा असेल, मलम खोटं असेल. पण तू बोललीस ते?"

"अहो, दुखत होतं म्हणून बोलले."

त्याने तिची पिशवी दाराबाहेर ठेवली. मी बायकोला घेऊन समजवायला गेलो, तर माझं तोंड बघून त्याने दार लावलं. ते अजून उघडलेलं नाही. बाबा दुसऱ्या गावी दोरे काढतायत.

ती आता एका खोलीत एकटी राहते. मशीनवर सलग तासभर बसते.

मंडळी, मीही तुमच्यासारखाच देवाला हात जोडणारा. म्हणून हात जोडूनच सांगतो. वेदनेत पिळून काढलेला शब्द म्हणजे कबुली नव्हे. बाई आग होते म्हणाली तर तिला डॉक्टरकडे न्या. त्याने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडे न्या, तिसऱ्याकडे न्या. आणि तिला कुठे दुखतं, एवढंच विचारा.