वांडीच्या वाडग्यातला शेवटचा घास

मी आफ्रिकेतल्या केमाच्या घरचा इनॅमलचा वाडगा बोलतोय. कडेचे टवके उडालेत, पण झाकण अजून घट्ट बसतं.

केमाच्या लग्नात मी आलो. भात, त्यावर पामतेलात शिजवलेला कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला आणि सुक्या मासळीचा तुकडा, हा माझा संसार. तिचा नवरा वांडी पोटभर जेवायचा, पण शेवटचा घास आणि मासळी तळाशी ठेवायचा. आमच्याकडे बापाने ठेवलेला घास लेकराचा असतो. त्यांची छोटी न्यांदे माझं झाकण उघडायला टपूनच बसलेली असायची.

एका सकाळी पोलीस वांडीच्या भावाला शोधत आले. भाऊ पळाला होता. "मग तू चल. तो आला की तुला सोडू," म्हणत त्यांनी वांडीलाच नेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी! भाऊ काही आला नाही.

तेव्हापासून मी तुरुंगाच्या फाटकावर जातो. तिथे जेवण घरूनच न्यावं लागतं. शिपाई आधी केमाला घास खायला लावतो, विषबिष नको म्हणून. चौकशीशिवाय कोंडलेल्या माणसाच्या जिवाची केवढी ही काळजी! संध्याकाळी मी परत यायचो, तेव्हा तळाशी घास असायचाच. न्यांदे तो खायची आणि म्हणायची, "बा जेवला."

दोन पावसाळे गेले. कोर्टाची तारीख आली की कधी गाडी नसे, कधी कागद सापडत नसत. केमाने गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "अगं, आफ्रिकेतल्या देशांनी मिळून करार केलाय. उगाच कुणाला कोंडायचं नाही, वेळेत न्यायाधीशापुढे उभं करायचं. आपल्या देशाचीही सही आहे त्यावर."

"मग ती सही फाटकावरच्या शिपायाला दाखवा की बाई," केमा म्हणाली.

आणि एक दिवस मी चाटूनपुसून लख्ख परत आलो. "वहिनी, आज झकास झालं होतं! नवऱ्याने शीतसुद्धा ठेवलं नाही," शिपाई हसत म्हणाला. खोटं होतं ते. मला फाटकावरच्या चौकीतच उघडलं होतं, वांडीचे हात मला लागलेच नव्हते. पण मला कोण विचारतो?

घरी न्यांदेने झाकण उचललं. "आई, बाने माझा घास नाही ठेवला?"

केमाने मला उजेडात धरून तळ पाहिला. दुसऱ्याच दिवशी तिने वकीलबाईंसोबत कोर्ट गाठलं.

सरकारी वकील म्हणाले, "कैदी खुशाल आहे. रोज भरलेलं भांडं आत जातं, रिकामं बाहेर येतं."

केमाने मला टेबलावर आपटलं. "काल रिकामं आलं म्हणूनच आलेय, साहेब. लेकीचा घास गिळणारा माझा नवरा नाही. जिवंत असेल तर इथे उभा करा. नसेल तर कुठे पुरलात ते सांगा."

न्यायाधीशांनी हुकूम दिला, सोमवारी माणूस हजर करा. सोमवार आला. गाडी नव्हती म्हणे.

केमा अजून मला भरते. थांबली तर आपणच त्याला मेला म्हटल्यासारखं होईल, असं तिला वाटतं. आणि मी निमूट चौकीतल्यांची पोटं भरतो, याची मला शरम वाटते. न्यायाधीशसाहेब, मला हवं तर भंगारात घाला, पण त्या माणसाला एकदा उजेडात आणा.

संध्याकाळी न्यांदे झाकण उचलते, आत बघते आणि हलकेच परत ठेवते. "बा जेवला" असं ती आता म्हणत नाही.