गोळीच्या आधी थांबणारी क्लिप

कॅनडात, नॉर्थ यॉर्कमध्ये मी शिकारीच्या एका टीव्ही शोचं एडिटिंग करते. होस्टला लोकांनी शिव्या घालू नयेत म्हणून हरणाचं रक्त पुसल्यानंतरचेच शॉट ठेवायचे. चीड येते, पण पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळेपर्यंत ना नोकरी सोडता येत, ना घरी जाता येत.

बाबा नागझिऱ्याला वनरक्षक होते. त्यांना मी नुसतं 'प्राण्यांचा कार्यक्रम' एवढंच सांगितलंय. दर रविवारी त्यांना गोळीच्या आधी थांबणारी क्लिप पाठवते. तेवढा वेळ त्यांच्यामागून जंगलात चालल्यासारखं वाटतं.

काल त्यांचा फोन आला. "ऊर्मी, त्या हरणाने कान टवकारले होते. म्हणजे माणूस जवळ होता. पळालं ना गं ते?"

"पळालं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "तू कधी येतेस?"